कातरीचं दूध

११ फेब्रुवारी १९९६, शेळगाव

आलो एकदाचा घरजावई होऊन. आई-बाप लहानपणीच गेलेल्या माणसाला एकदम दोघंही मिळाले. सासरे दादासो, त्यांना मी मामा म्हणतो. सासू सारजाबाई, त्या मामी. एकेकाळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरणारं घर, आता ऊस आणि दोन गाई. मनिषा एकुलती एक, म्हणून मीच नांदायला आलो. मित्र चिडवतात, चिडवू देत. गावच्या दूध केंद्रावर फॅट तपासायची नोकरीही मामांच्या शब्दावर मिळाली. कुणी किती पाणी घातलंय ते मला नुसत्या वासावरून कळतं, अशी फुशारकी काल मनिषापुढे मारली. ती खूप हसली. हसताना ती माझ्याकडे बघत नाही, खाली बघते. मला ते फार आवडतं.

२१ एप्रिल

चक्कर उन्हानं येतेय म्हणत होतो, पण हे उन्हाचं काम नव्हे. कॅन उचलला की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. मामींनी माझी पापणी खाली ओढून बघितली आणि म्हणाल्या, पाव्हणं, अंगात रगत न्हाय तुमच्या. त्यांच्याकडे याला घरचा उपाय आहे. लोकर कापायची जुनी कातर चुलीत लाल करायची आणि दुधात विझवायची, म्हणजे लोखंडाचा गुण दुधात उतरतो. कातर एरवी देवाजवळ असते. कुळातल्या माणसासाठीच ती खाली काढतात, आणि आज माझ्यासाठी काढली. चर्र झालं तेव्हा माझे डोळे भरून आले. शिवाय मनिषा लोहाच्या गोळ्याही आणते आणि स्वतःच्या हातानं देते.

१२ मे

बारामतीला दवाखाना झाला. मागच्या खेपेला रक्त घेऊन पुण्याला पाठवलं होतं, त्याचा निकाल आज होता. बाकड्यावरच मला घेरी आली, म्हणून मनिषा एकटी आत गेली. बऱ्याच वेळानं बाहेर आली ती डोळे लाल करून. म्हणाली, रगत कमी हाय, लोखंड वाढवा म्हणालेत. माझ्यासाठी इतकं रडणारं आजवर कुणी नव्हतं. स्टँडवर तिला उसाचा रस पाजला. आता दूध दोन वेळा.

२ जून

डोळे पिवळे झालेत. उजव्या बरगडीखाली जड वाटतं, चेहरा काळवंडला. केंद्रावर लोक माझ्याशी बोलताना गालात हसतात. रोज दूध घालायला येणाऱ्या म्हाताऱ्या सर्जेरावांनी तर खांद्यावर हात ठेवून, पोरा सोड आता, असं सांगितलं. काय सोडू, ते विचारायला हवं होतं.

९ जून

मनिषाला न सांगता बारामतीला गेलो. बरं झालं म्हणू की वाईट?

डॉक्टर माझ्यावरच ओरडले. लोह बंद करा म्हणून बजावलं होतं ना? रक्तात लोह कमी आहे, पण यकृतात भरून पडलंय. यकृत म्हणजे लोहाची कणगी. तिला सूज आली की शरीर लोह आत कोंडून ठेवतं, रक्ताला मिळू देत नाही. कणगी भरलेली आणि ताटात भाकरी नाही, अशी गत. वरून आणखी लोह घातलं की जखमी यकृत आणखी जळतं. आणि सूज कशानं? रक्तातून, नवरा-बायकोच्या संबंधातून येणाऱ्या काविळीनं. मनिषाला ती लग्नाआधीपासून आहे. तिला ठाऊक होतं. त्या दिवशी आत रडून तिनंच सांगितलं, आणि नवऱ्याला मी स्वतः सांगते असा शब्द दिला. हात थरथरले, जीभ जड झाली, झोप उलटी झाली, तर यकृताचं विष मेंदूत चढलं समजा, एक दिवसही थांबू नका, असं डॉक्टर दोनदा म्हणाले.

लोकांच्या दुधातलं पाणी धरणारा मी. घरचं दूध गटागटा प्यालो.

१० जून

तिनं पाय धरले. म्हणाली, समजलं असतं तर तुमी सोडून गेला असता. नसतो गेलो. हे मी तिला सांगितलं आणि दोघं रडलो. दूध बंद म्हणाली. मी माफ केलं.

१३ जून

दूध आलं. आईला संशय येईल, आजच्या दिवस घ्या, म्हणते. मी मोरीत ओतलं. ताकालाही तोच लोखंडाचा वास येतो — की माझ्याच तोंडाला आहे?

दिवसा झोपतो. रात्री टक्क जागा.

१५ जून

हात थरथरतो. अक्षर बघा.

मनिषाला म्हटलं जीप बोलाव. व्हय म्हणाली. दुपार झाली — जीप नाही. मीच रस्त्यावर गेलो. पाय वाकडे पडत होते, जीभ जड. टेंपोला हात केला. बारामती म्हणायचं होतं, भलतंच काही बोललो. सगळे हसले. सर्जेरावांनी उचलून घरी आणलं. मायेनं आणलं, शिवी नाही, काही नाही — जावई परत पिऊन आला, म्हणाले.

परत?

तिनं गावभर सांगितलंय. दारूनं लिव्हर गेलं म्हणून. मामांनाही. म्हणजे तिच्या काविळीचं कुणी काही विचारणार नाही. मी थेंबाला शिवलेलो नाही — तिला ठाऊक आहे.

मी सर्वांसमोर म्हटलं, मनिषा, सांग. तिनं खाली बघितलं. म्हणाली, झोपू द्या, सकाळपत्तूर उतरंल.

१६ — बहुतेक

उशाशी बसलीय. केसांतून हात फिरवतेय, रडतेय. खरंच रडतेय. मरू नका म्हणते. जीप मात्र बोलावत नाही — दवाखान्यात डॉक्टर मामांपुढं सगळं बोलतील.

मामी चुलीपाशी. चर्र —

बाहेर मामा विचारतायत, शुद्धीवर हाय का. ती न्हाय म्हणाली. दार लावतेय.

आहे. मी आहे शुद्धीवर. हाक मारतो. मामा, मी —