पुरे म्हणेपर्यंत

कारा-बुलुन, १९ ऑक्टोबर

सकाळी गाईची धार काढली, रोट्या भाजल्या. दुपारी तालुका कचेरीचं टपाल आलं. संध्याकाळी शेजाऱ्यांच्या उसन्या परातींपैकी शेवटच्या चार परत केल्या. (एक चेपली आहे. कोणाची ते कोणी ओळखलं नाही.)

ती. बुरुलकानताई,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना माझे सलाम. गुडघा कसा आहे? डॉक्टर म्हणतात जिने चढू नका आणि तू राहतेस पाचव्या मजल्यावर. म्हणजे एकतर घरातून निघायचं नाही किंवा घरी परतायचं नाही. काय ठरवलंस ते कळव. वर्षभर मी तुला पत्र लिहिलं नाही याचा राग मानू नकोस. लिहायला बसलं की 'आम्ही सगळे मजेत' एवढंच सुचायचं, आणि ते खरं नव्हतं.

आता सांगण्यासारखं घडलंय. सामूहिक शेतीच्या काळातली ती लोकर धुण्याची जुनी शेड तुला आठवतच असेल. सहा वर्षांपूर्वी आम्ही सात जणींनी ती भाड्याने घेतली, पत्रे बदलले, लोकर थापून नमदे आणि सपाता करायला लागलो. भाड्याच्या कागदावर नाव मात्र माझ्या मेदेरचं. कारकून म्हणाला होता, "घरातला माणूस कुठाय?" मी समोरच उभी होते, पण ते चालत नव्हतं. मेदेर बिचारा आला, सही केली आणि शिंकला. (लोकरीजवळ गेला की तो शिंकायचाच. पाच वर्षांत शेडमध्ये तो तीनदा आला असेल, तेही जेवायला बोलवायला.) तो वारल्यावर गावकऱ्यांनी ठरवलं, त्याच्या वर्षाचं जेवण होऊ दे, मग शेड कोणाची ते बघू. शार्शेन भावजींनी मात्र आधीच पाहून ठेवलं होतं. त्यांना तिथे ट्रॅक्टर ठेवायचाय. तो चार वर्षं जागचा हललेला नाही, त्यामुळे त्याला छप्पर कशाला हवं हे मला कळत नाही. तो पळून जाणार आहे थोडाच!

जेवणाचीही वाट न पाहता गेल्या महिन्यात आमच्याच घरी बैठक झाली. पुरुष आत, आम्ही स्वयंपाकघरात. बैठक शेडची, शेडमध्ये राबणाऱ्या आम्ही सात जणी, आणि आम्ही सातही जणी कांदा चिरत होतो. मी अर्ज लिहिला होता, चौथ्यांदा, चांगल्या अक्षरात, सगळ्यांच्या सह्यांसकट. मांसाच्या परातीबरोबर आत पाठवला. परात परत आली तेव्हा अर्ज तिच्यातच होता, वर हाडं ठेवलेली. आत भावजी सांगत होते, "गवत आणायला गेलो तेव्हा मेदेर स्वतः मला म्हणाला, दादा, शेड तुला." सगळ्यांनी माना डोलावल्या. साक्षीदार कोण, असं एकानेही विचारलं नाही. माझी जाऊ अनारकान सुरी खाली ठेवून म्हणाली, "अगं, हे गवत आणायला कधी गेले? गवत मी आणते!"

मग दहा दिवसांपूर्वी वर्षाचं जेवण झालं. मी तंबूत भिंतीकडे तोंड करून बसले. तुला माहीत आहे, मला विलाप गाता येत नाही. वर्षभर शेजारणी म्हणत होत्या, ही नवऱ्यासाठी गाते की विजेचं बिल वाचते? त्यांचं चूक नव्हतं. रडूच येत नव्हतं. पुरुष काठ्यांवर वाकून हंबरडा फोडत दाराशी आले आणि मी सुरू केलं, माझ्या सिंहा, माझ्या डोंगरा. (डोंगर साडेपाच फुटांचा.) आणि मध्येच डोक्यात आलं, विलाप करणाऱ्या बाईला कोणी मध्येच थांबवत नाही. घरातली थोरली बाई 'पुरे' म्हणेपर्यंत ती गाते आणि तोवर बाहेरच्यांना जेवायला बसता येत नाही. अख्ख्या गावात मला शेवटपर्यंत ऐकतील अशी ही एकच जागा होती.

अर्ज पाठच होता. मी तो गायले. शेडची लांबी अठरा मीटर, रे माझ्या डोंगरा. सात घरं तिच्यावर जगतात, रे माझ्या सिंहा. मागे सहाही जणींनी सूर धरला. मी म्हटलं, जाताना तू माझा हात धरून म्हणालास, शेड तुझी, ती सोडू नकोस. अनारकान ओरडली, "ऐकलं हो, मी या कानांनी ऐकलं!" (त्या दिवशी ती माहेरी होती.) पहिलं कलम, दुसरं कलम. बाहेर हंबरडे बारीक होत गेले, काठ्या डुगडुगायला लागल्या.

भावजी आत वाकले. "आई, पुरे म्हण ना! मांस गार होतंय."

सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकासाठी रडतेय ती. तुला भूक लागली?"

तिसरं कलम झालं. मग गावप्रमुख इशेनबाय स्वतः आले. "आजी, शेड तिच्या नावाने करतो. पण थांबवा."

"लिहून आण," सासूबाई म्हणाल्या, आणि मला, "गा गं."

पाचव्या कलमाला कागद आला, त्यांच्या सहीचा. खाली भावजींचीही सही, कारण त्याशिवाय सासूबाई तोंड उघडेनात. मग त्या म्हणाल्या, "पुरे, पोरी."

आणि ताई, मला थांबता येईना. कलमं संपली होती, सगळं मिळालं होतं, आणि मी रडत होते. त्याच्या त्या शिंकेसाठी. सासूबाईंनी दुसऱ्यांदा 'पुरे' म्हटलं नाही, नुसता हात धरून बसल्या. बाहेरचे आणखी अर्धा तास ताटकळले.

आज तालुक्याचा कागद आला. त्यावर माझं नाव आहे, संपूर्ण, आणि दुसऱ्या कोणाचंही नाही.

तुझी,
उलकान

ता. क. पत्राचं खरं काम हे. मेदेर गेला तेव्हा खोलीत तू आणि मी दोघीच होतो. तो शेवटचं म्हणाला ते 'चहा गोड झालाय', एवढंच. तो शेवटी काय म्हणाला ते विचारायला भावजी खरबुजं घेऊन तुझ्याकडे येतील. खरबुजं ठेवून घे आणि शेडचं वाक्य सांग.

ता. क. २ सासूबाईंना सगळं ठाऊक आहे. काल म्हणाल्या, "एवढं लांब वाक्य माझा मेदेर जन्मात बोलला नाही. पुढच्या वेळी आखूड रच."

ता. क. ३ बाकीच्या जणी घरी गेल्या. शेडमध्ये लोकर भिजत पडली आहे. पाणी बदलून येते.