अकरावं पाकीट

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. आधी वाच, मग हव्या तर घाल. मी फार दमलेय रे, पण हे फोनवर सांगायचं माझ्यात धाडस नाही.

बाबांची नजर जवळजवळ गेली. डॉक्टर म्हणतात, उजव्या डोळ्यात उरलंय ते दोन-तीन महिन्यांचं. तरी रोज जेवण झालं की अल्बम मांडीवर येतो. लढाईत पदक मिळवलेले एकशे बेचाळीस जवान आणि प्रत्येकाच्या फोटोवर त्याची सही. पेनाच्या खुणेवरून बोट फिरवतात आणि अचूक नाव सांगतात. एकदा मी मुद्दाम पानं उलटसुलट केली. म्हातारा फसला नाही!

जन्मभर पोस्टात दुसऱ्यांची पत्रं लावली, आता स्वतःची लावतात, असं तू हसायचास. पद्धत आठवते ना? फोटो दोन पुठ्ठ्यांमध्ये, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट आणि सगळ्यांना एकच मजकूर : माननीय महोदय, आपल्या शौर्याला वंदन, सही पदकावर न करता खालच्या मोकळ्या जागी करावी, ही नम्र विनंती. त्यांचा हात कापायला लागल्यापासून तो मीच लिहीत आले. शाळेतून यायचं, वह्यांचा ढीग उपसायचा आणि वर हे वीरपुरुष. देवाशपथ, एखादं पदक मलाही द्यायला हवं होतं.

मग पदक तुलाच मिळालं. लढाईत तुझ्या पलटणीतला जोडीदार तिथेच राहिला, तू एकटा परतलास, हे आम्हाला वर्तमानपत्रातून कळलं. सुट्टीवर आलास आणि पदक चपलांच्या कपाटात टाकलंस. बाबांना तुझ्याशी काय बोलावं तेच सुचेना. तू पलटणीत परत गेलास आणि महिन्याभरात तुलाही तेच पाकीट आलं. माननीय महोदय! तू पत्र आणि फोटो, दोन्ही तसंच परत पाठवलंस, सही न करता. त्यानंतर या घराचा उंबरा ओलांडला नाहीस. तुझं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. पोटच्या पोराला कुणी असं लिहितं का?

त्यांनी तसं लिहिलंच नव्हतं. त्या दिवशी अकरा पाकिटं होती, माझं डोकं ठणकत होतं. तुझ्यासाठी बाबांनी वेगळा मजकूर सांगितला होता. तो मी चिठोऱ्यावर उतरवून घेतला, पण पत्र लिहिताना हात सवयीने जुन्याच वाटेने गेला. तुझं परत आलेलं पाकीट उघडलं तेव्हा चूक कळली. मी बाबांना फक्त फोटो दिला आणि तोंड शिवून बसले. त्यांना वाटतं, त्यांचे शब्द वाचूनही तू गप्प राहिलास. ते चिठोरं सोबत ठेवलंय : 'बाळा, सही नको. तुझा जोडीदार कसा होता ते सांगावंसं वाटलं तर सांग. नाहीतर नुसता शेजारी बसून जेव.' रागवायचं तर माझ्यावर रागव, पण त्यांना दिसतंय तोवर ये. अल्बमच्या शेवटच्या पानावर तुझा फोटो आहे. तिथे बोटाला काहीच लागत नाही, तरी ते नाव सांगतात.

तुझीच, चुकलेली
ताई