तीनचाकी जाईल असा हॉल

अंबरनाथ पूर्व
१३ नोव्हेंबर २००५

प्रिय मधू,

अक्षर बघून दचकू नकोस, माझ्या मनालीचं आहे. मला दिसत नाही म्हणून वीस वर्षं माझी पत्रं तूच लिहीत आलास, पण हे पत्र तुला सांगून लिहून घेणं शक्य नव्हतं. कंपनीत मी टेलिफोन बोर्डावर आणि तू स्टोअरमध्ये. जेवणाच्या सुट्टीत मी गाणं सांगायचो आणि तू फर्माइशीचं कार्ड लिहायचास. रेडिओवर आपली दोघांची नावं एकदा लागली की आठवडाभर आपण हवेत असायचो. त्यातूनच आपला श्रोता संघ उभा राहिला. यंदा राज्यभरातले साडेतीनशे श्रोते मेळाव्याला आपल्याकडे येणार म्हणून हॉटेल शोधायला तू आणि मी निघालो.

ते चार रविवार मला अजूनही सुखाचे वाटतात, हाच माझा त्रास आहे. तू खुर्च्या, स्टेज, पंखे बघून सांगायचास. मी मधोमध उभा राहून टाळी वाजवायचो आणि आवाज कसा परत येतो ते ऐकायचो. उल्हासनगरच्या हॉटेलात एक टाळी चार वेळा फिरून आली. मालक म्हणाला, "साईं, शादी में सुनता कौन है?" आणि आपण रस्त्यावर येईपर्यंत हसत होतो. शिरगावच्या पुढचं हॉटेल हवेशीर होतं, पण परतायला रिक्षा मिळेना. तू माझा हात धरून मला स्टेशनपर्यंत चालवत आणलंस आणि वाटेतला एकेक खड्डा सांगितलास. एकसुद्धा चुकला नाही.

बदलापूर गावातल्या कुमुदिनीताईंकडे आपण त्याच रविवारी गेलो होतो. तीस वर्षं त्या घरात बसून कार्डं पाठवतायत. त्यांचं नाव ऐकलेलं नाही असा श्रोता नाही, पण त्यांना भेटलेले आपण दोघंच. लहानपणी पोलिओ झाला तेव्हापासून तीनचाकी सायकल हेच त्यांचे पाय. मेळाव्याला यायला त्या तयारच नव्हत्या. "चौघांनी मला उचलून वर न्यायचं आणि सगळ्यांनी बघायचं, ते नको रे शिवराम," म्हणाल्या. मी तुझ्यासमोर शब्द दिला, ताई, तुमची सायकल थेट माइकपर्यंत जाईल. मग कुठे त्यांनी साडी घेतली आणि ब्लाउज शिवायला टाकला.

चौथ्या रविवारी तू मला अंबरनाथच्या नव्या हॉटेलात नेलंस. दुपारचे चार वाजले होते. दारापासून सतरा पावलं आणि एकही पायरी नाही. टाळी वाजवली तर आवाज छान बसला. फोडणीचा वास येत होता म्हणून विचारलं, तर म्हणालास, शेजारीच किचन आहे. मी मान डोलावली. शिवरामने टाळी वाजवून होकार दिल्याशिवाय हॉल ठरवायचा नाही हा संघाचा रिवाजच आहे, म्हणून तू तिथूनच सगळ्यांना फोन लावलेस.

काल मनालीला घेऊन मी तिथे परत गेलो. आपल्या अंध श्रोत्यांना मी दर कार्यक्रमाआधी ब्रेलमध्ये वाटेचं कार्ड पाठवतो, गेटपासून किती पावलं आणि वळायचं कुठे, ते तुला ठाऊक आहेच. सतरा पावलं मोजून आत शिरलो आणि मनाली म्हणाली, बाबा, इथे तर लोक जेवतायत. वेटर म्हणाला, "प्रोग्रामचा हॉल तिसऱ्या माळ्यावर आहे ना काका. लिफ्ट अजून बसायचीय. मधूशेठनी बुक केलाय तो वरचाच." मी वर जाऊन आलो. अठ्ठावन्न पायऱ्या आहेत. टाळी वाजवायला हात उचलला नाही.

मुंबईहून निवेदक येणार, तुला एसी हवा, मोठं स्टेज हवं, हे मला कळतं. सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो आणि पाचव्या रविवारी पुन्हा तुझ्याबरोबर निघालो असतो. पण तू मला जेवणाच्या खोलीत उभं केलंस आणि टाळी वाजवू दिलीस. वेटर बघत होते का रे? त्यांना गप्प राहायची खूण केलीस का? मला संताप येतो आणि त्याहून जास्त लाज वाटते. आता तर त्या फर्माइशीच्या कार्डांचीही शंका येते. एखादं गाणं कधीच लागलं नाही की मी नशिबाला बोल लावायचो. मी सांगितलेलीच गाणी लिहायचास ना?

हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. संघात मी अजून कोणाला काही बोललो नाही आणि मेळावा वर करायचा की कुठे, ते तुम्ही ठरवा. पण काल रात्री ताईंचा फोन आला. ब्लाउज शिवून आला म्हणाल्या, आणि विचारलं, दारापासून माइकपर्यंत किती पावलं रे? मला खोटं बोलता आलं नाही आणि खरंही सांगवलं नाही. मधू, ते तू सांगायचंस. फोनवर नाही, बदलापूरला जाऊन, त्यांच्या समोर बसून. त्या विचारतील, हॉल बघताना शिवराम सोबत नव्हता का? तेव्हा एवढं तरी खरं सांग, की होता, म्हणूनच फसवणं जमलं.

कालपर्यंत तुझाच,
शिवराम