साडूचा टर्बो

२ एप्रिल १९८६
साडू शरच्चंद्र कुवेतला परत गेला. त्याची जपानी गाडी आता माझ्या ताब्यात. टर्बोवाली. नागपूरच्या अख्ख्या महाल भागात टर्बो कळणारा मी एकटा. इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक चाक फिरवतो, ते चाक इंजिनात जास्तीची हवा कोंबतं, गाडी पळते. शेजारच्या केशवला हे समजावलं. तो म्हणाला, म्हणजे धुरावर चालते काय गा? शी. असल्या लोकांत राहायचं.
१८ मे ला शरच्चंद्राच्या मुलीचं, उत्तराचं लग्न. तिला सासरी मी याच गाडीतून पोचवायचं, असं त्याने चारचौघांत सांगून ठेवलंय. तोवर गाडी अशी ठेवायची की तो चाट पडला पाहिजे.

५ एप्रिल
गाडीचं पुस्तक वाचायला घेतलं. पान ४१ : गाडी जोरात चालवल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन मिनिटं उभ्यानेच चालू ठेवावं, टर्बो निवतो. उभ्या गाडीत पेट्रोल जाळायचं म्हणे. जपान्यांचे चोचले. यमू म्हणाली, लिहिलंय तर ठेवा ना चालू. बायकोने इंजिनावर बोलायचे दिवस आले. पुस्तक कपाटात.

१३ एप्रिल, रविवार
रामटेक. गड चढताना टर्बोची काय ती शिट्टी. उतरताना चावी बंद, न्यूट्रल, गाडी आपोआप पायथ्याशी. स्कूटरच्या काळापासूनची माझी पद्धत. ब्रेक मात्र दगड झाला, दोन्ही पाय रोवून उभा राहिलो तेव्हा लागला. पायथ्याशी इंजिन चालू केल्यावर पुन्हा मऊ. जपानी ब्रेक अगदीच टाकाऊ. यमू डोळे मिटून काहीतरी पुटपुटत होती. देखावा पाहिलाच नाही.

२१ एप्रिल
ऑइल काळं झालंय. काळं म्हणजे बाद, असं थोडंच आहे. चहाच्या गाळणीतून गाळून परत ओतलं. गाळणीत कोळशाचा बुळबुळीत चुरा राहिला. यमूने गाळणी चिमट्यात धरून बाहेर फेकली. दिवसभर चहा नाही.

२ मे
शिट्टी आता किंचाळी झाली. टर्बो मोकळा होत असणार. मागून निळा धूर. केशवच्या दोरीवरच्या धोतरांना वास लागला म्हणून तो भांडायला आला. त्याच्याकडचे डास गेले, त्याचं काही नाही. कृतघ्न मेला.

९ मे, संध्याकाळी
सेमिनरी हिल्सचा चढ चढेना. सायकलरिक्षा पुढे गेली. रिक्षावाल्याने वळून पाहिलं आणि घंटी वाजवली. नागपुरात सभ्यता उरली नाही.

११ मे
चंद्रभान मिस्त्रीने टर्बो उघडला. आतला दांडा जाम, पाती कुरतडल्यासारखी. बोटावर काजळी घेऊन त्याने वास घेतला. म्हणाला, तेल आतच जळून कोयला झालं जी, गरम इंजन बंद करून राहिले होते काय? मी म्हटलं, ऑइल भेसळीचं असेल. नवा टर्बो इथे मिळत नाही. तो हा काढून साधा पाइप जोडून देणार, गाडी साध्या गाडीसारखी चालेल. शर्टला त्याचे काळे हात लागले, ते डाग जायचे नाहीत.
ठरलं. शरच्चंद्राला सांगायचं, कारखान्याचाच दोष.

१९ मे
काल लग्न झालं. लग्नासाठी कुवेतहून आलेला शरच्चंद्र सकाळीच गाडी घेऊन एक चक्कर मारून आला आणि मांडवासमोर उतरला. टर्बो कशाने गेला, विचारलं. मी कारखान्यावर सुरुवात केली. त्याने गाडीचं पुस्तक आमच्या कपाटातून काढून आणलेलं होतं. पान ४१ उघडून म्हणाला, हे वाचलं होतं का? भोवती सगळे व्याही उभे.
मी तोंड उघडायच्या आत यमू म्हणाली, मीच यांच्या मागे लागायचे, बंद करा, पेट्रोल कशाला जाळता. हे तर चालू ठेवा म्हणत होते.
मेहुणीपुढे शरच्चंद्र काय बोलणार. हसला आणि उत्तराला पोचवायला चावी मांडवात आलेल्या चंद्रभान मिस्त्रीकडे दिली. उत्तरा गेली. मी आणि यमू मागच्या टेम्पोत, भांड्यांच्या पेट्यांना धरून. यमूला खरं काहीतरी सांगावं असं वाटलं. म्हटलं, ब्रेकसुद्धा खराबच होते. तिने माझ्याकडे घसरणारी पेटी पायाने अडवली.
स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. घरी आल्यावर तिने विचारलं, चहा टाकू का. मी हो म्हटलं.