टोपीचं अस्तर

रुबे, २३ नोव्हेंबर १९६४

प्रिय जोझियान,

सोबत तुझी टोपी पाठवतेय. परवा संत कातरीनचा दिवस. पंचविशी गाठूनही बिनलग्नाची, म्हणून यंदा शिवणखात्यात ती तुझ्या डोक्यावर चढणार. घोडनवरीची हिरवी-पिवळी टोपी तिच्या मैत्रिणीनंच शिवायची ना! गेल्या वर्षी माझी तू शिवलीस, वर कागदाची कोंबडी बसवलीस, आणि मुकादमबाई म्हणाल्या, "पिएरेत, अंडं घालशील, पण नवरा काही मिळायचा नाही तुला!" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. मग कोट टांगायच्या खोलीत जाऊन पोटभर रडले, हे तुला कधी बोलले नाही.

तरी मला तू होतीस. रविवार आला की आपण दोघी कालव्याच्या काठानं हिंडायचो, जोड्या बघून नाकं मुरडायचो आणि शेवटी कॅफेत जाऊन गाण्याच्या यंत्रात नाणं टाकायचो. ते एकट्या पोरीचं गाणं लागलं की तुझे डोळे भरलेच. "माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही गं," म्हणायचीस. मी तुला माझा रुमाल द्यायचे. मेली मी निर्लज्ज!

रंगखात्यातला झिल्बेर आठवतो? कान लाल व्हायचे त्याचे. चार वर्षांपूर्वी, जुलैच्या नाचाला तू डोकं दुखतं म्हणून लवकर घरी गेलीस. त्याला दुसऱ्या दिवशी सक्तीच्या लष्करी नोकरीवर अल्जीरियाला निघायचं होतं. तो सबंध संध्याकाळ भिंतीला टेकून उभा होता. शेवटी माझ्याकडे आला. म्हणाला, "तिच्यासमोर माझी तर बोबडीच वळते. तूच दे हे." घडी घातलेला कागद होता. मी तो घरी नेला आणि वाचला.

उद्या देईन, परवा देईन, असं म्हणत राहिले. खरं सांगू? तू त्याची झालीस तर रविवारी मी कुणाबरोबर हिंडणार, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. तिकडून त्यानं मला दोनदा लिहिलं, "दिलंस ना?" मी उत्तर दिलं नाही. सत्तावीस महिन्यांनी परत आला तेव्हा ट्रामच्या थांब्यावर त्यानं तुला पाहून टोपी काढली, आणि तू कुणालाही डोलवावी तशी मान डोलवून पुढे गेलीस. मी शेजारीच उभी होते. या जूनमध्ये त्याचं लग्न झालं.

बुधवारी मी खात्यात येणार नाही, तापाचं निमित्त कळवलंय. अस्तराला डावीकडे कच्चा टाका घातलाय. टोपी घालण्याआधी तो उसव, आत त्याचा कागद आहे. त्या बायांच्या हसण्यात तू मान खाली घालून उभी राहू नयेस, म्हणून हे लिहिलं. तुझ्यावर कुणी प्रेम केलं नाही, हे खोटं आहे जोझियान. केलं होतं. मी ते तुझ्यापर्यंत पोचू दिलं नाही.

रविवारी कालव्यावर येईन. तू नाही आलीस तरी येईन.

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
पिएरेत