लाल पट्ट्याचा कॅन

८ जानेवारी २००१, सोमवार. सकाळी ८ वाजून ४० मिनिटे.

डेअरीच्या ओट्यावर पालथ्या कॅनवर बसून हातांना खोबरेल लावतो आहे. पेरांना भेगा पडल्या आहेत. टेम्पो दूध घेऊन गेला. पार्वतीबाईंचं दूध गेलं नाही. त्या भरलेली किटली उचलून तशाच घरी निघून गेल्या!

रांगेसमोर म्हणाल्या, "आमच्या किटलीला हात लावला की नळावर पळतोस. इटाळ व्हतो व्हय रे हणमंता?"

मी वहीत मान घातली आणि पुढचं नाव लिहिलं.

तिथे सांगितलं नाही ते इथे लिहितो. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच आहे, मनात येईल ते लिहीत जा.

गावातल्यांचं दूध घेऊन झालं की मी फॅट तपासायला बसतो. त्याला ॲसिड लागतं. बौद्ध वस्तीवरच्या बाया आधी गवत कापून मग येतात, म्हणून त्या नेमक्या तेव्हा पोचतात. ॲसिडला हात लागलेला असतो. मला वाटतं, बोटाला थेंब राहिला. तो दुधात पडला. ते दूध कुणाचं तरी लेकरू प्यालं. म्हणून हात धुतो. दूध घेतो. मग वाटतं, किटलीच्या कडीला लागलं असेल, ही घरी जाऊन नातवाला उचलणार! पुन्हा धुतो.

आणि बघणाऱ्याला काय दिसतं? गावाचं दूध घेताना हात कोरडे. वस्तीचं दूध आलं की नळ चालू.

दोन वर्षं हे काम करतो आहे. हे मला आज दिसलं.

थेंब नसतो, हे मला माहीत आहे. माहीत असूनही विचार जात नाही, यालाच आजार म्हणतात, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. यवतचे डॉक्टर तर हसले होते — "दूधवाल्यानं हात धुतले तर बिघडलं कुठं?"

सांगायचं तरी कसं? 'ॲसिड' शब्द काढला तर डेअरीत कुणी दूध घालणार नाही. 'डोक्याचा आजार' म्हटलं तर भांडगावचं स्थळ गेलं.

९ जानेवारी

पार्वतीबाई आल्या नाहीत. वस्तीवरच्या बाकीच्या आल्या. माझ्याकडे बघितलं नाही.

चेअरमन हौसराव आप्पांनी ओट्यावर बसून पाठ थोपटली. "तुझं कायबी चुकलं न्हाई. तुला देवानं सोवळं दिलंय. आसली पोरं ऱ्हायली न्हाईत आता." मग आवाज खाली आणून — "त्यांचं दूध येगळ्या कॅनात घेत जा. पुढं मोठ्या डेअरीत मिसळतंयच. तुझे हात बी वाचतील आन् कुणाला बोलायला जागा बी ऱ्हायची न्हाई."

मी म्हणालो, "व्हय आप्पा."

'व्हय' म्हणालो! का म्हणालो?

१० जानेवारी

वेगळा कॅन आला. गळ्याला लाल रंगाचा पट्टा ओढला आहे. कशासाठी ते कुणी विचारलं नाही.

१२ जानेवारी, शुक्रवार

सम्राट आला. पार्वतीबाईंचा मुलगा. नववीपर्यंत आम्ही एका बाकावर. मी तिथेच शाळा सोडली, तो आयटीआय करून रांजणगावला कंपनीत लागला. सेकंड शिफ्टला जाता जाता गाडी थांबवली, उतरला नाही.

"कॅन बघितला. झ्याक हाय. रंग तू दिला का आप्पानं?"

मी पुण्याचा कागद दाखवला. वर आजाराचं नाव लिहिलेलं आहे, 'ओसीडी', खाली गोळ्या. त्याने नीट वाचला. घडी घालून परत दिला.

"आजार व्हय? जात बघून येणारा आजार पयल्यांदाच बघतोय."

"सम्राट, तसं न्हाई रे—"

"मग कसं? आमच्या डिपार्टमेंटचा सुपरवायझर बी म्हणतो, मला लई ओसीडी हाय. का, तर टेबलावर पेन सरळ लागतो त्याला. बरंय बाबा. ज्याला जे पायजे त्यानं ते नाव घ्यावं." गाडीला किक मारली. "मला काय सांगतोस? आईला सांग."

१४ जानेवारी, रविवार

गेलो. संक्रांतीचा तिळगूळ नेला नाही, ढोंग वाटलं असतं.

पार्वतीबाईंनी बस म्हटलं. चहा दिला. नको म्हणायचं कारण नव्हतं. दुसऱ्याच्या हातचं खायला-प्यायला मला काही वाटत नाही, कधीच नाही. प्यालो. चांगला होता, आलं घातलेला.

मग करुणाताईचं (सम्राटची बहीण, माहेरी आली आहे) लेकरू रांगत आलं आणि माझ्या रिकाम्या कपाला हात घालू लागलं. आणि मला वाटलं — सकाळचं ॲसिड! कपाच्या कानाला! मी कप उचलला, उठलो आणि मोरीत जाऊन धुतला. पुन्हा धुतला. पुन्हा.

वळलो तर पार्वतीबाई दारात उभ्या. तोंड पांढरं पडलेलं.

"माझे सासरे स्टँडवरच्या हाटेलात चा प्यायचे," त्या म्हणाल्या. "त्यांचा कप भाईर वळचणीला असायचा. पिऊन झाला की त्यांनीच धुवून ठेवायचा. आन् तू माझ्या घरात येऊन कप धुतोस? काय दाखवतोस मला?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शपथेवर.

म्हणालो, "पार्वतीकाकू, तुमचा कप घाण न्हाई. माझा हात घाण हाय. लेकराला काय झालं असतं तर?"

"काय व्हनार व्हतं लेकराला?"

मग सांगितलं. ॲसिड, थेंब, कडी, नातू. आईलाही इतकं सांगितलेलं नाही. त्या ऐकत होत्या. मधेच लेकराला कडेवर घेतलं. मला वाटलं, माझ्यापासून लांब नेतात. पण त्या जवळच बसल्या.

"आन् तुला दिसतं का थेंब?"

"न्हाई दिसत."

"तरी धुतोस?"

"तरी धुतो."

त्यांनी लेकराला मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "खरं आसंल. तुझ्या डोळ्यावरून वाटतं. पण माझ्या घरात सांगून काय उपेग? कॅन हितं हाय का? कॅन तिथं हाय."

१५ जानेवारी

लाल पट्ट्यात दूध ओतलं. आजही.

१६ जानेवारी

आईला सांगितलं की सगळ्यांसमोर बोलणार आहे. आई भाकरी थापता थापता थांबली.

"रविवारी भांडगावची मान्सं सुपारी फोडायला यायचीत. पोरगा लई टापटीप, म्हणून तर त्यांनी व्हय म्हटलं. चार दिस गप ऱ्हा. लगीन झाल्यावर बोंबल काय बोंबलायचं ते."

टापटीप! माझ्या खोलीत येऊन बघावं. तीन दिवसांचा सदरा, पलंगाखाली कांद्याची पोती. घाणीचं मला काही वाटत नाही. पण भांडगावच्या त्या मुलीला, हर्षदाला, हे कोण सांगणार? तिच्याशी माझं एकदाच बोलणं झालं आहे. ती म्हणाली होती, "तुमच्याकडं पाणी गोड हाय का मचूळ?" मी म्हणालो, गोड.

ती चांगली आहे. म्हणूनच तर जड जातं.

१८ जानेवारी, गुरुवार

बोललो.

वस्तीवरच्या बाया येईपर्यंत थांबलो. गावातल्यांनाही जाऊ दिलं नाही. म्हणालो, मी हात धुतो ते कुणाच्या जातीमुळे नाही. मला डोक्याचा आजार आहे, पुण्याच्या गोळ्या चालू आहेत. माझ्या हातून कुणाला ॲसिड लागेल अशी भीती मनात येते आणि जात नाही.

"आगं बया, दुधात ॲसिड!" बानूबाई ओरडल्या. एकच गलका! मी नमुन्याची बाटली वर धरली. तपासलेलं दूध परत कॅनात जातच नाही, खड्ड्यात जातं — ते दाखवलं. तेव्हा कुठे शांत झाले.

रखमाजीमामा म्हणाले, "मला बी हाय तसलं. मोटर बंद केली का, दोनदा बघून येतो."

"मामा, तुम्ही बघून येता आन् झोपता. मी बघून आलो तरी झोपत न्हाई."

गीताबाई म्हणाल्या, "मग माझी भांडी घासायला ये की. चकचकीत निघतील!" सगळे हसले. मीही हसलो थोडा.

हौसराव आप्पा हसले नाहीत. "आजार कसला! सोवळं हाय ते. कुणीतरी शिकवून पाठवलाय ह्याला."

"कुणी न्हाई शिकवलं, आप्पा. सोवळं असतं तर मी पार्वतीकाकूंच्या घरी चहा प्यालो नसतो. आजपासून सगळ्यांचं दूध एकाच कॅनात. आन् फॅट सगळ्यात शेवटी, सगळे गेल्यावर."

लाल पट्ट्याचा कॅन रिकामाच टेम्पोत चढवला. ड्रायव्हरला सांगितलं, परत आणू नको.

पार्वतीबाई रांगेत नव्हत्या. त्यांनी ऐकलंच नाही!

१९ जानेवारी

भांडगावचा निरोप. रविवारी येत नाहीत. "पोरगं येडं हाय हे आधी सांगायला पायजे व्हतं." आई जेवली नाही. मी जेवलो, गोळी जेवणानंतर घ्यायची असते म्हणून.

आप्पा म्हणाले, दुसरा माणूस मिळेपर्यंत ये.

२० जानेवारी

हात चिरले. रक्त. बोलल्याने कमी होईल असं का वाटलं होतं मला?

२२ जानेवारी, सोमवार

लाइट नाही, टाकी रिकामी, नळ कोरडा. पहिली किटली पार्वतीबाईंची; दोन आठवड्यांनी आल्या, त्याही गवत कापायच्या आधी. वस्तीवरच्या बायांनी त्यांना सगळं सांगितलं असणार. दूध घेतलं आणि नळाकडे वळलो.

"आजून तर ॲसिड काढलं बी न्हाई की रे."

"न्हाई."

"तरी?"

"तरी."

त्यांनी ओट्यावरची कळशी उचलली. म्हणाल्या, "हात धर." सगळी रांग बघत होती. आप्पाही. त्यांनी पाणी घातलं, मी हात धुतले. पुन्हा ओंजळ पुढे केली. त्यांनी माझी बोटं धरून उलटसुलट करून पाहिली आणि कळशी खाली ठेवली. "बास. म्या बघितलं. कायबी न्हाई."

मी हात सदऱ्याला पुसले. मग पुढची किटली घेतली.