सार्डिनवाल्या बायकांचा तास

कोमिझा, विस बेट
सोमवार, सकाळ

तीर्थस्वरूप जाकिसा मावशीस नेवेंकाचा वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? स्प्लितच्या डॉक्टरांनी जिने चढू नका म्हटलंय आणि तू राहतेस चौथ्या मजल्यावर, तेव्हा त्यांचं कितपत ऐकतेस ते कळतंच आहे. इकडे सगळं ठीक. फक्त काल तुझ्या लेकाने, दिंकोने, मला रेडिओवरून काढून टाकलं. मी तक्रार करायला लिहीत नाहीये (करणार आहे, पण क्रमाने).

त्याच्या स्टेशनवर दिवसभर काय चालतं ते तुला माहीत आहे: लग्नाची गाणी आणि टाइल्सच्या जाहिराती. गेल्या वर्षी सरकारने जाहीर केलं, की खासगी स्टेशनांनी काही दर्जेदार ऐकवलं तर अनुदान मिळेल. झालं! दिंकोला दर्जाचा असा पुळका आला की विचारू नकोस. अर्ज मी लिहिला: बंद पडलेल्या सार्डिन मासळीच्या कारखान्यातल्या बायका, आपल्या बेटाच्या बोलीत, दर रविवारी एक तास. मंजूर झाला. चार महिने मी घरोघर फिरले. वीत्सा आजी (वय शहाऐंशी) कारखान्यातला संप सांगता सांगता रडली, आणि मी रेकॉर्डिंग थांबवलं म्हणून माझ्यावरच ओरडली.

पहिल्या रविवारी अख्खी आळी रेडिओला कान लावून बसली, आणि लागलं काय? टाइल्सचा सेल आणि लग्नाची गाणी! "अगं, म्हाताऱ्यांच्या बडबडीत जाहिरात कोण देणार?" असं म्हणत दिंकोने अनुदानासाठीचा अहवाल पुढे सरकवला. त्यात 'कार्यक्रम प्रसारित झाला' आणि खाली माझ्या सहीची जागा. मी म्हटलं, हात तोडून देईन, सही देणार नाही. (हात शाबूत आहे. सही दिलेली नाही.)

काल प्रार्थनेनंतर वीत्सा आजी दोघी मैत्रिणींना घेऊन थेट स्टुडिओत. "पोरी, माझं रडणं कुठे ठेवलंस?" मी तिघींना आत घेतलं, कडी लावली आणि माइक सुरू केला. दिंको बाहेरून दार बडवायला लागला. आजी माइकवरच म्हणाली, "तो बडवतोय ना, तो जाकिसाचा. त्याची आई माझ्या शेजारी उभी राहून डबे भरायची. संपात सगळ्यांच्या पुढे तीच होती."

बडवणं थांबलं.

तासाभराने दार उघडलं, तर तो पायरीवर बसलेला. "आईने मला हे कधी सांगितलंच नाही," म्हणाला. मग उठला, डोळे पुसले आणि मला कामावरून काढलं.

मी माफी मागणार नाही, हे त्यालाही सांगितलंय.

तुझी,
नेवेंका

ता. क. स्टेशनच्या कंपनीची निम्मी मालकी तुझ्या नावावर आहे म्हणे. सोबत खरा अहवाल जोडलाय: एक रविवार बुडवला, एक ऐकवला. मालकाची सही लागते. कर आणि उलट टपाली पाठव.

ता. क. २. दिंकोचंही पत्र याच बोटीने येतंय. त्याचं आधी वाच, बिचारा. पण त्याला उत्तर लिहायच्या आधी येत्या रविवारी अकरा वाजता रेडिओ लाव. स्टुडिओची किल्ली मी अजून परत केलेली नाही.